वर्तुळ चुकत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका दिवसात चार बूट परत आले. चार! कुरिअरवाल्याने पाकिटं टेबलावर ठेवली तेव्हा मी खुशीत होतो, वाटलं कारखान्यातून नवा माल आला. उघडून बघतो तर आपलेच बूट, आपल्याच पिशवीत. एकात चिठ्ठी: "सैल आहे." दुसऱ्यात: "चढतच नाही." तिसऱ्याने तर लिहिलं होतं, "माप बघून पाठवत जा." मला! माप बघून! डोक्यात तिडीक गेली.

(ही वही उद्या कोणाच्या हाती लागली तर त्याला वाटायचं मी चपलांचा दुकानदार. तर बूट म्हणजे चालायच्या काठीच्या टोकाला बसवतात ते जाड रबर. ते असतं म्हणून काठी फरशीवर घसरत नाही. आमचं दुकान काठ्या, कुबड्या आणि वॉकरचं. पण काठी माणूस एकदाच घेतो आणि रबर झिजत राहतं, त्यामुळे आमचा खरा धंदा बुटांचा. नंबर चार: सोळा, एकोणीस, बावीस, पंचवीस. म्हणजे काठीच्या टोकाची जाडी, मिलिमीटरमध्ये. सैल बूट बसवण्यापेक्षा नुसती काठी बरी, इतकं ते नाजूक काम.)

माझ्याकडून माप चुकणं शक्य नाही. फुशारकी नाही ही. सहा वर्षांपूर्वी वेबसाइट केली तेव्हा साइटवाल्याला सलग दोन दिवस दुकानात बसवून ठेवलं होतं. पानावर चार वर्तुळं काढून घेतली. काठी उचलायची, टोक कॉम्प्युटरच्या स्क्रीनला टेकवायचं, ज्या वर्तुळात तंतोतंत बसेल तो आपला नंबर. प्रत्येक वर्तुळ मी स्वतः जाडी मोजायचा कॅलिपर लावून तपासलं. साइटवाला रडकुंडीला आला. "काका, केसाएवढा फरक आहे, राहू द्या ना!" मी म्हटलं, केसाएवढाही नको, समोर म्हातारी माणसं आहेत. वर्तुळांखाली ठळक अक्षरांत लिहून घेतलं: "टेपने मोजू नये. टेप चुकते, वर्तुळ चुकत नाही." आजही त्या ओळीवर नजर गेली की छाती फुगते.

तेव्हा चुकतात ती माणसं. काठी तिरकी धरत असणार, दुसरं काय.

जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, आपली साइट फोनवर नीट दिसत नाही. मोबाइल फ्रेंडली करून घ्यायला हवी." मी म्हटलं, आपलं गिऱ्हाईक सत्तरीचं आहे, ते खुर्चीत बसून शांतपणे कॉम्प्युटरवर बघतं. चिरंजीव खाली मान घालून जेवत राहिला. तो कोणाचीच बाजू घेत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सूनबाई हट्टाला पेटली आहे. आज ऑफिसातून आली ती तडक फोन घेऊन माझ्यासमोर उभी. "बाबा, नुसतं बघा तरी. अक्षरं मुंगीएवढी दिसतात. दोन बोटांनी ताणून मोठं केल्याशिवाय एक ओळ वाचता येत नाही."

मी चष्माच लावला नाही. म्हटलं, तुझं म्हणणं मान्य, मग वाचणाऱ्याने ताणावं की.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. साइट मोबाइलसाठी करायची म्हणजे सगळं पान मोडून नव्याने मांडणार. हे इकडे, ते तिकडे. म्हणजे माझ्या वर्तुळांना हात लागणार. पुन्हा तो साइटवाला, पुन्हा कॅलिपर. आणि कशासाठी? माझा स्वतःचा फोन बटणांचा आहे, त्यावाचून माझं काय अडलंय?

ही म्हणाली, "अहो, पोरगी चांगल्यासाठीच सांगतेय ना?" म्हणजे आता दोघी एका बाजूला. बरं.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवार म्हणजे अक्काचा फोन. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेले, तिने शिवणकाम करून मला वाढवलं. तीन तासांवरच्या गावात एकटी राहते, इथे ये म्हटलं की विषय बदलते. वय सत्तरीच्या पुढे गेलं तरी टेप अजून गळ्यातच असते. मला पहिली टेप वाचायला तिनेच शिकवली. मी अर्धा दोरा चुकलो तरी बाही उसवायला लावायची.

आज म्हणाली, "धाकट्या, माझ्या शेजारणीला काठीचं ते रबर हवंय. मी टेपने मोजलं, घेर भरला पाच सेंटीमीटर. तर कितवा नंबर रे?"

सांगता आलं असतं. घेर पाच म्हणजे जाडी सोळा, यात काय मोठंसं. पण नियम म्हणजे नियम. एकाला तोंडी सांगितलं की उद्या सगळे फोनवरच विचारणार. मी म्हटलं, "अक्का, ती टेप ठेव बाजूला. कपड्याला ठीक आहे, काठीला नाही. साइटवर वर्तुळं दिली आहेत, त्यावर काठी ठेवायला सांग शेजारणीला. खाली काय लिहिलंय तेही वाच म्हणावं."

"बरं बाबा," म्हणाली. "तू म्हणतोस तसं." मग पाच मिनिटं माझ्या खोकल्याची चौकशी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अक्काच्या गल्लीतून ऑर्डर! शेजारणीच्याच नावाने. नंबर एकोणीस.

बघा! टेपने पाच म्हणत होत्या, वर्तुळाने एकोणीस दाखवलं. टेपच्या भरवशावर राहिल्या असत्या तर सोळाचा बूट मागवून बसल्या असत्या आणि तो चढलाच नसता. आयुष्यभर टेप वापरून अक्कासारखी बाई जिथे चुकते तिथे बाकीच्यांचं काय? हे सूनबाईला मुद्दाम ऐकवलं.

पाकीट हिने बांधलं. मी आत चिठ्ठी घातली: "अक्कांच्या शेजारीणबाईंना, सप्रेम."

२३ फेब्रुवारी, रविवार

अक्काचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर अचानक विचारते, "काय रे, लाकूड आकसतं का?"

मला असे प्रश्न आवडतात. चांगला पाव तास समजावून सांगितलं: लाकूड पाणी पितं तेव्हा फुगतं, वाळलं की आकसतं, जुनी काठी टोकाशी झिजतेही. हं हं करत ऐकत होती.

"का गं, काय झालं?"

"काही नाही रे. सहज."

"शेजारीण काय म्हणते? बूट बसला ना?"

"बसला की. खूश आहे ती." मग म्हणाली दाराशी कोणीतरी आलंय, आणि फोन ठेवला. अक्काने स्वतःहून फोन ठेवायची माझ्या आठवणीतली ही पहिलीच वेळ.

३ मार्च, सोमवार

आज दुकानात तमाशा झाला. एक रिटायर्ड पोस्टमन काठी आपटत आले. उंच, ताठ, आवाज असा की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "हा तुमचा पंचवीसचा बूट! जिन्यात निघून खाली गडगडत गेला! मी कठडा धरला म्हणून वाचलो!"

मी शांतपणे त्यांची काठी घेतली, आपल्या स्क्रीनला टेकवली. बावीसच्या वर्तुळात अशी बसली की मध्ये कागद शिरणार नाही. म्हटलं, "आजोबा, बघा. तुमचा नंबर बावीस. तुम्ही पंचवीस मागवलात."

ते आ वासून बघत राहिले. स्वतःच्या हाताने पुन्हा टेकवून पाहिली. "पण घरी मी पंचवीसवर ठेवली होती. अगदी तंतोतंत होती. माझ्या नातीने पाहिलंय!"

"घरी कशावर पाहिलंत?"

"फोनवर."

मी हसलो. लिहायला लाज वाटते, पण हसलो. बावीसचा बूट बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाले, "मी चाळीस वर्षं घरोघर पत्रं पोचवली, एकही चुकीच्या दारात टाकलं नाही. मला आकडा वाचता येतो." ते काही खोटं बोलणारे वाटले नाहीत. मग काय झालं असेल? दिवसभर हेच डोक्यात.

६ मार्च, गुरुवार

सूनबाईने साइटवाल्याकडून कागद मागवला: गेल्या वर्षभरात ऑर्डरी कशावरून आल्या. मी पैजेवर सांगितलं होतं की निम्म्याहून जास्त कॉम्प्युटरवरून निघतील.

शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी फोनवरून.

मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. साइटवाल्याला फोन लावला. "काका, आकडा बरोबर आहे. आता कोण कॉम्प्युटर लावून बसतं?" म्हणजे सहा वर्षं मी दुकानातल्या ज्या मोठ्या स्क्रीनकडे बघून छाती फुगवतोय, तशी स्क्रीन माझ्या गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ कोणाच्याच घरात नाही.

सूनबाईला म्हटलं, ठीक आहे, करू मोबाइल फ्रेंडली. अक्षरं मोठी करू. पण वर्तुळांना कोणी बोट लावायचं नाही. ती म्हणाली, "बाबा, एकदा फोनवर वर्तुळं तरी बघा." मी म्हटलं रविवारी बघू, सावकाश.

९ मार्च, रविवार

अक्काचा फोन यायच्या वेळेला शेजारणीचा आला. अक्का जिन्यावरून पडली. खुबा मोडला. हॉस्पिटलात आहे.

हिने पिशवी भरून दिली. अकराच्या बसने निघतोय.

१० मार्च, सोमवार

अक्का कॉटवर इतकीशी दिसते. मला बघून पहिलं वाक्य: "तू कशाला आलास? दुकान कोण बघतंय?"

कशी पडलीस विचारलं, तर म्हणे पायपुसणं सरकलं. जिन्यात पायपुसणं? बरं, असेल. मग शेजारीण हळूच म्हणाली, "काठी होती हो हातात, तरी पडल्या."

मला कळेनाच. कोणाची काठी? अक्का काठी वापरते? शेजारीण म्हणाली, नोव्हेंबरपासून. गुडघा धरला तेव्हापासून. मी दर रविवारी तासतासभर बोलतो आणि मला ताकास तूर लागू दिली नाही! मी रागावलो, हॉस्पिटलात, सगळ्यांदेखत. "काठ्यांचं दुकान माझं, आणि माझ्याच बहिणीच्या हातातली काठी मला शेजाऱ्यांकडून कळते?"

अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेंपो घेऊन आला असतास मला न्यायला. मला माझं घर सोडायचं नाही."

खोटं नव्हतं ते. आणलंच असतं मी. उद्या ऑपरेशन.

११ मार्च, मंगळवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, व्यवस्थित झालं, आता बरं होणं त्यांच्या जिद्दीवर. जिद्द आहे तिच्यात. पण मी आज जे पाहिलं ते आधी लिहून काढतो, नाहीतर मला झोप यायची नाही.

दुपारी तिचे कपडे आणायला घरी गेलो. शेजारीण किल्ली घेऊन आली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काठी तशीच आडवी पडलेली, कोणी उचललीच नव्हती. टोकाला रबर नाही. उघडं लाकूड. रबर सर्वात खालच्या पायरीपाशी कोपऱ्यात होतं. उचललं, उलटं केलं. आत नंबर: १९.

आपला बूट. मी पाठवलेला.

बुटाच्या आत कागद कोंबलेला होता. वहीच्या कागदाची पट्टी, चार पदरी घडी घातलेली, वर शिवणदोरा गुंडाळलेला, अगदी नीट, बटण लावताना खाली दोऱ्याचे वेढे देतात तसा. घट्ट बसावा म्हणून. कागद दमट होऊन लिबलिबीत झाला होता.

मी शेजारणीला विचारलं, "हा बूट तुमच्यासाठी मागवला होता ना?" ती कसनुशी झाली. "मला कशाला हो काठी? त्याच म्हणाल्या, तुझं नाव घाल, धाकट्याला कळू देऊ नकोस. फोन माझा होता, ऑर्डर त्यांनीच दिली."

वर गेलो. मशीनपाशी टेप, चष्मा, मापाची वही. ती वही मी लहानपणापासून ओळखतो, छाती, कंबर, बाही. शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

"काठी. घेर ५. (टेपने. दोनदा.)
धाकट्याचं वर्तुळ – १९.
१९ घ्यावा."

टेप घेऊन मी काठीला गुंडाळली. पाच. सोडली, पुन्हा गुंडाळली. पाच. पाच म्हणजे सोळा. नऊ फेब्रुवारीला मला हे तोंडपाठ होतं आणि मी सांगितलं नाही. वर चार दिवसांनी वहीत टेपची टिंगल केली. ते पान मी आता उलटून पाहिलं.

शेजारणीला म्हटलं, तुमचा फोन द्या. तिने साइट उघडून दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा माझी साइट फोनवर पाहिली. वर्तुळं मसुराच्या दाण्याएवढी. "अक्कांनी हे कसं केलं, दाखवा," म्हटलं. तिने दोन बोटं काचेवर ठेवून पान ताणलं. वर्तुळ मोठं झालं. आणखी ताणलं, आणखी मोठं झालं. "काठीएवढं होईपर्यंत ताणायचं," ती म्हणाली. "मग ठेवायची. आम्ही एकोणीसवर ठेवली, अगदी बरोबर बसली."

मी काठी सोळावर ठेवली. ताणलं. बसली. बावीसवर ठेवली. जरा कमी ताणलं. बसली. पंचवीसवर. बसली. तंतोतंत, मध्ये कागद शिरणार नाही अशी. चारही नंबर बरोबर! कोणतीही काठी, कोणतंही वर्तुळ, बरोबर! आणि खाली ठळक अक्षरांत, तेही ताणून चांगलं मोठं झालेलं: वर्तुळ चुकत नाही.

मी तिच्या शिवणाच्या स्टुलावर बसून राहिलो. शेजारीण घाबरून पाणी घेऊन आली. पोस्टमन खरं बोलत होते. ते सगळे खरं बोलत होते.

घरी सूनबाईला फोन केला आणि म्हटलं, वर्तुळं काढून टाक. आत्ता. काहीही कर. तिने "का" विचारलं नाही. दहा मिनिटांत तिचा फोन आला, "काढून टाकली, बाबा." मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का?" तिथे मला रडू फुटलं.

१३ मार्च, गुरुवार

अक्काला सांगितलं. न सांगता पळून जावं असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला लिहू. ती पायपुसण्यावर अडून बसली होती, मलाही ते सोयीचं होतं.

बूट तिच्या हातात दिला. म्हटलं, "अक्का, हा सैल होता. तुला कळलं होतं. मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला दोष कसा देणार? तुझं माप चुकत नाही."

"तुझ्या टेपने पाच दाखवलं होतं ना? दोनदा?"

"दाखवलं की. पण तू लिहिलं होतंस, टेप चुकते म्हणून. मोठ्या अक्षरांत." तिने दोऱ्याचे वेढे बोटाने चाचपले. "मला वाटलं, टेप जुनी झाली, ताणली गेली असेल. बूट आला तो सैल, तेव्हा वाटलं काठीच आकसली. म्हणून तुला विचारलं ना, लाकूड आकसतं का? तू म्हणालास आकसतं."

पाव तास समजावून सांगितलं होतं मी.

जिने मला टेप वाचायला शिकवली, तिने माझ्या एका ओळीसाठी स्वतःच्या टेपवर, स्वतःच्या डोळ्यांवर, हातातल्या काठीवर संशय घेतला. सगळ्यांवर घेतला, फक्त माझ्यावर नाही. मी तिच्या कॉटच्या कडेला डोकं टेकवलं. तिने केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "पुरे. सिस्टर बघतायत."

१६ मार्च, रविवार

परत आलो. ही काल तिथे आली, चार दिवस राहील. साइटवाला दुकानात येऊन बसला होता, काळवंडलेल्या तोंडाने. मी त्याला काही बोललो नाही. वर्तुळं त्याने काढली होती, पण काढून मी घेतली होती.

त्याच्याकडून यादी घेतली. फोनवरून बूट मागवलेले आणि आजवर परत न केलेले: एकशे एकतीस. एवढी माणसं या क्षणी रस्त्यावर, जिन्यात, बाथरूममध्ये माझ्या वर्तुळावर भार टाकून उभी आहेत. ज्यांनी परत पाठवले आणि ज्यांना मी मनातल्या मनात मूर्ख म्हणालो, तेच सुखरूप.

सूनबाई म्हणाली निम्मे फोन मी करते. नाही म्हटलं. हे माझे.

१८ मार्च, मंगळवार

काल आणि आज मिळून अठ्ठावन्न फोन. मी सांगतो, "काठी आत्ता वापरू नका, आधी बूट ओढून बघा." काही जण ओढतात आणि म्हणतात, "घट्ट आहे हो." सुटलो असं वाटतं. काही म्हणतात, "सैल आहे, पण आम्ही चिंधी बांधलीय." एका बाईंनी फुगा कापून चढवला होता. एक आजोबा म्हणाले, "मला वाटलं माझाच हात थरथरतो म्हणून निघतो." कोणी रागावलं नाही. कोणीतरी शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

अठ्ठावन्नावा फोन मुलीने उचलला. म्हणाली, "बाबा जानेवारीत गेले." मी "वाईट झालं" म्हणून फोन ठेवून दिला. कसे गेले, विचारलं नाही. हिंमत झाली नाही. त्यानंतर आज एकही फोन केला नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी त्या मुलीला पुन्हा फोन केला. कोण, कशासाठी, सगळं सांगितलं आणि विचारलं.

"दम्याने गेले," ती म्हणाली. "शेवटचे दोन महिने अंथरुणावरच होते. काठी तशीच कोपऱ्यात आहे."

मला बरं वाटलं. माणूस गेल्याचं ऐकून हायसं वाटणारा मी! मग एकोणसाठावा नंबर लावला.

३० मार्च, रविवार

एकशे एकतीस झाले. चाळीस बूट बदलून पाठवले. पोस्टमनआजोबांच्या घरी स्वतः जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "मग चारही नंबर बरोबर येतात? दाखवा पाहू." नातीच्या फोनवर दाखवलं. पोट धरून हसले. मला हसता आलं नाही, पण चहा घेतला.

नवी साइट सूनबाई आणि साइटवाला मिळून करतायत. मोबाइल फ्रेंडली. मापाच्या पानावर काय लिहायचं ते अक्काला फोनवर विचारलं. तिने पडल्या पडल्या सांगितलं, सूनबाईने शब्दन् शब्द उतरवून घेतला:

"टेप काठीच्या टोकाला गुंडाळा. टेप नसेल तर दोरा गुंडाळून पट्टीवर धरा. घेर लिहून पाठवा, नंबर आम्ही काढू. बूट आल्यावर आधी हाताने जोरात ओढून बघा. निघाला तर वापरू नका, आम्हाला कळवा. तुमचं माप आणि आमचं माप जुळलं नाही, तर तुमचं बरोबर धरा."

शेवटच्या वाक्यावर मी म्हटलं, अक्का, हे जरा जास्त होतंय. ती म्हणाली, "राहू दे."

राहू दिलं. मी आता साधा फोन ठेवून काचेचा घेतलाय. सारखं काहीतरी चुकीचं दाबलं जातं. पण साइट रोज उघडून बघतो.

२७ एप्रिल, रविवार

परवा डॉक्टरांनी अक्काचा वॉकर सोडवला, काठीवर चालायला परवानगी दिली. त्या दिवशी दुपारीच साइटवर ऑर्डर आली. या वेळी स्वतःच्या नावाने. "घेर ५. टेपने मोजलं आहे." बाकी काही नाही.

कुरिअरने पाठवणं शक्यच नव्हतं. सोळा नंबरचा बूट डबीतून काढला, कॅलिपर लावला, खिशात घातला आणि पहाटेची बस धरली. सगळ्या वाटेत तीनदा खिशातून काढून पाहिला.

अक्का खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी. हडकली आहे, पण डोळे तेच. बरोबर न्यायचा विषय मी काढला नाही, तिच्या ते लक्षात आलं. बूट काढून मी काठीला बसवायला हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला केला.

"थांब. आधी मोजू दे."

बूट माझ्याकडून घेतला, गळ्यातली टेप काढली. आधी काठीचा घेर. मग बुटाचं तोंड. मग पुन्हा काठी. दर वेळी आकडा मोठ्याने म्हणत होती, माझ्याकडे न बघता, लहानपणी माझी बाही तपासताना म्हणायची तशीच. मी उठून खिडकी पूर्ण उघडली, तिला उजेड नीट मिळावा म्हणून.